आई सेंटरमधून दर महिन्याला हॉस्पिटलात : चुकतंय कुठे?

तळकोकणी

नमस्कार. लांबलचक लिहितोय, आधीच माफी मागतो.

आई ७८ वर्षांची. अल्झायमरचं निदान होऊन सहा वर्षं झाली. मूळची सावंतवाडीजवळच्या गावची, प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं बाई होती. वडील गेल्यावर चार वर्षं आमच्याकडे डोंबिवलीत राहिली. दोनदा कडी काढून एकटीच बाहेर पडली. दुसऱ्यांदा रात्री पावणेतीनला, अनवाणी. एका रिक्षावाल्याने आणून सोडली. त्यानंतर आम्ही हात टेकले. गेले १४ महिने ती पुण्याजवळच्या एका डिमेन्शिया केअर सेंटरमध्ये आहे. एकूण २६ जण आहेत तिथे. महिना ३८ हजार, डायपर आणि औषधं वेगळी.

पहिले नऊ-दहा महिने खरंच बरे गेले. वजन दोन किलो वाढलं. संध्याकाळी "माका घराक जावचा आसा" सुरू झालं की तिथली मावशी तिला गच्चीवर फेरी मारून आणायची आणि खोलीच्या दारात "घर इला" म्हणायची. मावशी लातूरकडची, पण एवढं मालवणी शिकली.

दिवाळीनंतर मात्र चार महिन्यांत चार वेळा ॲडमिट. नोव्हेंबरात दोन दिवस नुसती झोपून होती म्हणून नेलं, तर रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे फारच खाली. पाच दिवस ठेवलं, "वयोमानाने होतं" म्हणाले, बीपीची एक गोळी बंद केली. डिसेंबरात रात्री ओरडायला लागली, अंगावरचे कपडे ओढायची. लघवी तपासली, पस सेल्स (पू) आले, इन्फेक्शन म्हणून पुन्हा चार दिवस. तिथे रात्री हात बांधले होते. 'तान लागली' म्हणत होती, म्हणजे तहान. सिस्टरला वाटलं आजींना कसला तरी ताण आलाय. झोपेसाठी एक गोळी सुरू झाली. परत आली ती लघवीची नळी आणि माकडहाडावर लाल चट्टा घेऊन. जानेवारीत हुडहुडी भरून ताप, या वेळचं इन्फेक्शन खरंच जोराचं, सात दिवस. सुटल्यावर अकराव्या दिवशी न्यूमोनिया. सहा दिवस आयसीयू.

आतापर्यंत ४ लाख ७० हजार गेले. पॉलिसी संपली. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय, पण ते हॉस्पिटल यादीत नाही. आणि मजा बघा, ॲडमिट झालं तर कुणी तरी पैसे देतं. ॲडमिट व्हावं लागू नये म्हणून सेंटरवर डॉक्टर बोलावला तर त्याचे पैसे आपल्याच खिशातून.

शेवटच्या डिस्चार्जला सांगितलं की घास ठसकतोय, नाकातून राइल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी) घाला. आम्ही विचार करायला आठ दिवस मागितलेत.

सेंटर म्हणतं हॉस्पिटलवाले बिघडवून पाठवतात. हॉस्पिटल म्हणतं सेंटरमध्ये लक्ष देत नाहीत. मी मध्ये फाईल धरून उभा. सेंटर बदलू का? नळी घालू का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

गावकूस

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घरी आणा. ३८ हजारांत दोन बायका ठेवता येतात. आमच्या आज्जीला आम्ही शेवटपर्यंत घरीच ठेवली.

रात्रपाळी

गावकूस, रात्री पावणेतीनला रस्त्यावर गेलेल्या माणसाला शोधायला तुम्ही गेला नव्हतात. असो.

तळकोकणी दादा, चूक कुणाची ते नंतर बघू. आधी चारही डिस्चार्ज कार्डं टेबलावर शेजारी शेजारी मांडा. तुम्ही चार ॲडमिशन लिहिल्यात. मला ती एकच दिसते, चार हप्त्यांत झालेली.

मी सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात ३३ वर्षं काढली. आता नाशिकला २२ खाटांच्या डिमेन्शिया सेंटरला रात्रीची इनचार्ज आहे. डॉक्टर नाही, तेव्हा माझ्या सांगण्यावरून एकही गोळी बंद-चालू करू नका. काय विचारायचं तेवढं सांगते.

सोडियम ११८ नुसत्या वयाने होत नाही. वय ऑक्टोबरातही होतंच की. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल आणि जोडीला उदासीची एसिटालोप्रॅमसारखी गोळी चालू असेल, तर ही जोडी म्हाताऱ्या बायकांचं सोडियम खाली ओढते हे वॉर्डातल्या कुठल्याही जुन्या सिस्टरला माहीत असतं. तेव्हा पहिला प्रश्न: बंद केलेली गोळी सेंटरच्या डबीतून खरंच गेली का? दुसरा: त्यानंतर सोडियम पुन्हा कधी तपासलं? आमच्याकडे एकदा कार्डावर बंद असलेली गोळी तीन आठवडे पोटात जात राहिली, कारण महिन्याभराची पाकिटं आधीच भरून ठेवली होती. भरणारी मीच होते. तेव्हापासून माणूस हॉस्पिटलातून परत आला की त्याची जुनी डबी मी त्याच दिवशी टेबलावर पालथी करते आणि नव्या कार्डावरून पहिल्यापासून भरते.

डिसेंबरचं मला जास्त खटकलं. सेंटरमधल्या म्हाताऱ्या बायकांपैकी चौथा हिस्सा ते निम्म्या, इतक्या जणींच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. तपासलं की बऱ्याच जणींचा रिपोर्ट खराब येणारच. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत हेच आहे: ताप नाही, जळजळ नाही, माणूस नुसता गोंधळलाय, तर लघवीवर खापर फोडून ॲंटिबायोटिक सुरू करण्याआधी दुसरी कारणं शोधा आणि लक्ष ठेवा.

दुसरी कारणं म्हणजे काय, तर एक गोष्ट सांगते. आमच्याकडे एसटीतले निवृत्त कंडक्टर आजोबा होते. तीन रात्री पलंगाच्या कठड्यावर चमचा वाजवत "पुढे सरका, पुढे सरका". बाकीचे एकवीस जण जागे. फोनवरचे डॉक्टर म्हणाले झोपेची गोळी वाढवा. मी वाढवणारच होते. तेवढ्यात आमचा डायपर बदलणारा मामा म्हणाला, "सिस्टर, यांच्या डायपरात पाच दिवस झाले, नुसती लघवीच निघतेय." एनिमा दिला. पहाटे चारला झोपले ते साडेनऊला चहा मागत उठले. तुमच्या आई कपडे ओढत होत्या ना? शौचाला किती दिवस झाली नव्हती, ते कुठे लिहिलेलं आहे का बघा. दाढ दुखत होती का, डायपरखाली पुरळ होतं का, तेही. ज्यांना दुखतंय म्हणून सांगता येत नाही त्यांचं दुखणं बघण्यासाठी पेनॅड नावाचं साधं मापन आहे: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची हालचाल, आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का. पाच गोष्टी, दहापैकी गुण. शिकायला एक दुपार पुरते.

लघवीची नळी का घातली आणि का ठेवली, याचं उत्तर कुणाकडून मिळतं का पाहा. जानेवारीचा ताप त्या नळीतून आला असणार. आणि फेब्रुवारीसाठी माझा एकच प्रश्न: डिसेंबरात सुरू झालेली झोपेची गोळी रात्री किती वाजता देतात आणि जेवण किती वाजता असतं?

आता मुख्य. सिस्टर फाईल बघते, डॉक्टर फोनवर असतो, घरचे रविवारी येतात. अंघोळ घालणारी, घास भरवणारी, डायपर बदलणारी मात्र एकच बाई असते आणि तिला बहुतेक वेळा दोन दिवस आधी कळलेलं असतं. ती सांगत नाही, कारण एकदा सांगितल्यावर "तू काय डॉक्टर आहेस का" ऐकलेलं असतं. हे वाक्य मीही वॉर्डात किती जणींना म्हटलंय, त्याचा हिशेब नको.

आमच्या एका मावशीला लिहिता येत नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकल्या लावते. लाल टिकली म्हणजे शौचाला झाली, हिरवी म्हणजे जेवण नीट गेलं. तारखेखाली तीन दिवस लाल टिकली दिसली नाही की मी कुणी न सांगता उठते. टिकल्यांचं पाकीट दहा रुपयांना मिळतं.

सेंटर बदलायचं नंतर बघा. आधी त्या लातूरच्या मावशीला बाजूला घेऊन बसा. "आई कशी आहे" असं विचारू नका, "बरी हाय" एवढंच उत्तर येतं. विचारा: न्यूमोनियाच्या आधीच्या आठवड्यात जेवताना काय वेगळं होतं?

औषधवाला_सांगली

सिस्टरांच्या म्हणण्यात थोडी भर. पूर्ण यादी घेऊन एकदा फार्मासिस्टकडे किंवा जेरियाट्रिक, म्हणजे वृद्धांच्या डॉक्टरांकडे बसा. माझ्या काउंटरवर नेहमी दिसणारा प्रकार: स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल चालू असतं, त्याने काहींना लघवीची घाई लागते, मग त्या घाईसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून ऑक्सिब्युटिनिन येतं. पहिली गोळी मेंदूत जे वाढवते तेच दुसरी दाबते. एका हाताने हौद भरायचा, दुसऱ्याने बूच काढायचं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही त्याच जातीचं, म्हणजे गोंधळ वाढवणारं आणि पोट बांधणारं.

झोपेची म्हणून जी दिलीय ती क्वेटियापिन किंवा रिस्पेरिडोन असेल तर पाकिटावर नाव वाचा. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गटाने मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २००५ मध्येच छापायला लावलाय. कधी कधी द्यावी लागते, मान्य. पण कधी थांबवायची ती तारीख चिठ्ठीवर हवी. ती मी आजवर दोनच चिठ्ठ्यांवर पाहिली.

तळकोकणी

कालच पुण्याला जाऊन आलो. सिस्टर, तुमचे प्रश्न वहीत उतरवून नेले होते.

बीपीची गोळी खरंच बंद केली होती, तिथे सेंटर चोख निघालं. पण एसिटालोप्रॅम चालू आहे आणि नोव्हेंबरनंतर सोडियम सेंटरवर एकदाही तपासलेलं नाही. काल रक्त दिलं, आज रिपोर्ट आला: १२९. डॉक्टरांना पाठवलाय.

सेंटरच्या रजिस्टरमध्ये नाडी, बीपी, शुगर, ताप असे रकाने आहेत, रोज तीनदा भरलेले, सुंदर अक्षरात. शौचाचा रकानाच नाही. मावशी म्हणाली डिसेंबरात "सहा दिस झाले नव्हते, मी दिवसाच्या सिस्टरला बोलले हुते". त्या सिस्टर दुसऱ्या दिवशी रजेवर गेल्या. लघवीच्या नळीचा तर डिस्चार्ज कार्डावर उल्लेखच नाही! कार्डाप्रमाणे माझ्या आईला नळी नव्हतीच. तिच्यासोबत ती नुसती आली.

झोपेची गोळी क्वेटियापिन ५० आहे. कार्डावर "रात्री" लिहिलंय. सेंटरमध्ये रात्रीच्या गोळ्या साडेसहाला देतात, कारण सातला सिस्टरची ड्युटी बदलते. जेवण सव्वासातला.

मावशीला तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिने जराही आठवायला वेळ घेतला नाही. "घास गालात धरून ठिवायच्या. डोळे मिटलेलेच. मी बोट घालून काढायची. रात्री निजल्यावर घशात घरघर." कधीपासून? "नळी काढून आल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिसापासून." म्हणजे न्यूमोनियाच्या नऊ-दहा दिवस आधीपासून. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुम्ही इचारलं नाही.

बरोबर आहे. १४ महिने दर रविवारी मी तिला "सगळं ठीक ना?" एवढंच विचारत आलो आणि ती "हो" म्हणत आली.

वैशाली_न्यूजर्सी

हे वाचून राहवलं नाही. मी एडिसनजवळ वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स आहे. (नोकरी लागल्याचं आईला कळवलं तेव्हा तिला वाटलं मी बाळंतपणाच्या दवाखान्यात लागले. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे तेच.)

तुमच्या मावशींना जे कळलं त्यासाठी आमच्याकडे छापील कार्ड आहे, 'स्टॉप अँड वॉच' नावाचं. ते फक्त नर्ससाठी नाही. भरवणारी, लादी पुसणारा, भेटायला आलेली सून, कुणीही भरून देऊ शकतं. बारा गोष्टी: नेहमीपेक्षा वेगळे वाटतात, कमी बोलतात, एकूण जास्त मदत लागते, दुखतंय, कमी खाल्लं, तीन दिवस शौच नाही किंवा जुलाब, कमी प्यायलं, वजनात फरक, चुळबुळ वाढली, थकवा किंवा गुंगी, कातडीचा रंग बदलला, उठाय-चालायला जास्त आधार लागतो. एकावर जरी खूण झाली तरी नर्सने जाऊन बघायचं, आणि काय केलं ते त्याच कार्डावर लिहून सही करायची. आमच्या युनिटमध्ये सगळ्यात जास्त कार्डं कपडे धुणाऱ्या बाई भरतात. आजोबांच्या शर्टाच्या खिशात गोळ्या सापडल्या, तेव्हा कळलं की ते आठवडाभर औषध घेतच नव्हते.

पण इथे सगळं छान आहे असं समजू नका. आमचं हे शहाणपण बरंचसं पैशाच्या धाकाने आलंय. ऑक्टोबर २०१२ पासून ३० दिवसांत पेशंट फार परत येत असतील तर मेडिकेअर (इथला वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) हॉस्पिटलचे पैसे कापतं, आधी १ टक्क्यापर्यंत, पुढे ३ टक्क्यांपर्यंत. ऑक्टोबर २०१८ पासून आमच्यासारख्यांचेही २ टक्के आधीच बाजूला काढतात आणि कामगिरी बघून त्यातला काही भाग परत देतात. मग पळवाटाही आल्या. पेशंटला दोन दिवस खाटेवर ठेवायचं पण कागदावर 'ऑब्झर्व्हेशन' लिहायचं, म्हणजे तो ॲडमिट झालाच नाही! त्याचा फटका घरच्यांना बसतो, कारण नंतरच्या नर्सिंग होमच्या खर्चासाठी मेडिकेअरला तीन दिवसांचं खरं ॲडमिशन लागतं.

'तान' आणि 'ताण' वाचून एक आजी आठवल्या. मूळच्या गुजराती, चाळीस वर्षं इथे राहून इंग्रजी उत्तम होतं. आता फक्त गुजराती उरलंय. त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी मी सात शब्द लिहून लावलेत, तहान, दुखणं, संडास, थंडी असे. रात्रीचा हैतीचा नर्सिंग असिस्टंट ते वाचून बोलतो. उच्चार भयंकर, पण आजी हसतात.

रात्रपाळी

वैशालीताई, ते कार्ड मी मराठीत करून उद्याच भिंतीला लावते. कपडे धुणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

दादा, १२९ म्हणजे सगळं वाहून गेलेलं नाही, पण डॉक्टरांशी आजच बोला, उद्यावर ढकलू नका. गोळीची वेळ आणि मात्रा त्यांच्याकडूनच बदलून घ्या आणि ती कधी थांबवायची तेही विचारा. मिटल्या डोळ्यांनी घास द्यायचा नाही, हे मावशीला आजच फोनवर सांगा. जेवण राहिलं तरी चालेल, तासाने द्या.

आता राइल्स ट्यूब. गुंगीमुळे घास अडकत असेल तर ते औषधाचं काम आहे, आजार तिथवर पोचलाच आहे असं नाही. आधी गुंगी उतरू दे, मग गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला दाखवा. आणि आजार पुढे गेल्यावरही नळीने न्यूमोनिया टळतो असं नाही. स्वतःची लाळ आणि पोटातून वर आलेलं फुफ्फुसात जातच राहतं. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये म्हटलंय की पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात अन्न देण्यासाठी नळी घालण्याची शिफारस नाही, हाताने काळजीपूर्वक भरवावं. मी वॉर्डात शेकडो नळ्या घातल्यात. माणूस ती उपसतो, मग हात बांधतात, मग पाठीला जखमा होतात. तुमच्या आईंचे हात एकदा बांधून झालेच आहेत.

भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, चहाचा चमचा, आणि गिळल्याचं गळ्याला दिसल्याशिवाय दुसरा घास नाही. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. कोकणातल्या आहेत म्हणून तुम्ही प्रेमाने पेज न्याल. पण पाण्यात शीत तरंगणारी पेज सगळ्यात वाईट: पाणी पुढे उतरतं, शीत मागे राहतं आणि ठसका लागतो. उकड्या तांदळाचीच द्या, पण घोटून एकजीव करून. दिवसातून दोनदा दात-जीभ साफ करायची, दात नसले तरी. जपानमध्ये ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं हा अभ्यास झाला. जिथे जेवणानंतर तोंड साफ करत होते तिथे न्यूमोनिया कमी झाले. आमच्याकडे ब्रशला नकार देणाऱ्यांना मी बोटाला ओला गॉज गुंडाळून करते. दोनदा चावून घेतलंय.

सेंटरच्या मॅनेजरकडे दोनच गोष्टी मागा. एक, रजिस्टरात शौच, पाणी आणि "आज वेगळं काय" हे रकाने, आणि ते मावशीने भरायचे. दोन, हॉस्पिटलला जाताना सोबत द्यायचं एक पान. त्यावर औषधं असतातच. त्यापलीकडे चष्मा आहे का, कानाचं यंत्र कुठलं, काय म्हटलं की शांत होतात, तहान लागली तर कोणता शब्द. परत येताना त्याच पानाच्या मागे हॉस्पिटलकडून लिहून घ्यायचं: काय सुरू, काय बंद, अंगावर कुठली नळी आणि ती कधी काढायची.

शेवटचं जरा जड आहे. कशासाठी न्यायचं आणि कशासाठी नाही, हे भाऊबहिणींनी बसून आत्ताच ठरवा, रात्री दोनला फोनवर नाही. मोडलेलं हाड, न थांबणारा रक्तस्राव, धाप, तिथे न्यावंच लागतं. साध्या तापासाठी सेंटरवर डॉक्टर येईल का, तिथेच सलाईन लावता येईल का, ते विचारून ठेवा. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं, २०१८ च्या निकालाने कायदेशीर झालं, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सोपंही केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आईंना आता ते करता येणार नाही, त्यासाठी कळती अवस्था लागते. पण पूर्वी कधी काही बोलल्या असतील तर आठवा. मी माझं केलंय.

गावकूस

रात्रपाळी, मी आधी तोडून बोललो ते मागे घेतो. आज्जी घरी होती हे खरं. पण तिला बघणारी माझी आई होती, मी नव्हतो.

तळकोकणी

सहा आठवड्यांनी लिहितोय. नळी घातली नाही. डॉक्टरांनी क्वेटियापिन हळूहळू कमी करत बंद केली, उदासीची गोळी बदलली. सोडियम १३४. गिळण्याच्या थेरपिस्ट दोनदा येऊन गेल्या, प्रत्येक वेळचे १५०० रुपये, आतापर्यंतचा सगळ्यात स्वस्त उपचार. वजन मात्र दीड किलो उतरलंय आणि आता ती आधाराशिवाय उभी राहत नाही. ते परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मधे एकदा ताप आला होता. मावशीने वहीत दुपारीच लिहिलं होतं, "आज पानी घेत नाही, डोळे येगळे". संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले, तीन दिवसांत उतरला. हॉस्पिटलला नेलं नाही. ती रात्र मी झोपलो नाही हेही लिहून ठेवतो.

सिस्टर, तुम्ही आठवायला सांगितलं होतंत. आजोबांना शेवटी नळ्या लावल्या होत्या तेव्हा ती मला म्हणाली होती, "माका असा काय करू नको हां." मी तेव्हा कॉलेजात होतो, लक्ष दिलं नव्हतं. बहिणीलाही ते आठवतंय. आम्ही दोघांनी ते लिहून डॉक्टरांच्या फाईलला लावलंय.

एक नवी अडचण. मावशी पुढच्या महिन्यात मुलीच्या बाळंतपणाला लातूरला चाललीय, दीड महिना. बदली बाई ब्युरोकडून येणार. तिला हे सगळं कसं शिकवायचं?

रात्रपाळी

दोघींना चार दिवस एकत्र ड्युटी लावायला सांगा. सेंटर तयार नसेल तर बदलीच्या बाईचा त्या चार दिवसांचा पगार तुम्ही द्या. आणि वही मावशीलाच समजावून सांगू दे, मॅनेजरला नाही. "घर इला" कुठल्या पायरीवर म्हणायचं तेही.